रांगणारं घड्याळ

१

"तिसऱ्यांदा सांगते, मी सही करणार नाही," ग्रिझेल मकर्डी म्हणाली. "आणि आवाज चढवू नका. सूतगिरणीत चौदा वर्षं काढलीत मी. तिथल्या खडखडाटापुढे तुमचं ओरडणं म्हणजे माशी गुणगुणल्यासारखं."

मिस्टर ऑरॉक खरं तर अजून ओरडला नव्हता. ओरडण्याच्या उंबऱ्यावर येऊन तो उभा होता. कारखान्याचा मुख्य तपासनीस; गळ्याला ताठ कॉलर, वरच्या खिशात टोक काढलेल्या तीन पेन्सिली, आणि हाताखालच्या बाईचं "नाही" ऐकायची कानाला सवय नाही. अर्धा तास तो एकच गोष्ट निरनिराळ्या चालींवर म्हणत होता. आधी समजूत घालून झाली. मग देशाचं नाव घेऊन झालं. मग कामावरून काढायची धमकी दिली, तेव्हा ग्रिझेल हसली, आणि ते हसणं त्याला झोंबलं.

टेबलावर पिवळं कार्ड पडलं होतं. घड्याळ क्रमांक एकोणचाळीस. खाली दोन सह्यांच्या जागा: वरची तपासणाऱ्या बाईची, खालची तपासनिसाची. वरची जागा कोरी असेल तर खालच्या सहीला कोणी विचारत नाही. फाटकावरचा म्हातारा डूथी कार्ड नाकाशी धरून दोन्ही सह्या वाचायचा आणि मगच माल बाहेर सोडायचा. ऑरॉकने आपली सही आधीच ठोकली होती, आणि तिच्या शेजारी शाईचा ठिपका पडला होता. त्याच्या कार्डावर ठिपका पडल्याचं ग्रिझेलने तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

चार वाजता घोडागाडी येणार होती. घड्याळ नदीच्या खालच्या अंगाला गोदीत जायचं, तिथे उभ्या असलेल्या नव्या जहाजावर चढायचं, आणि उद्या सकाळच्या भरतीबरोबर ते जहाज साडेसहाशे माणसं घेऊन समुद्रात जायचं. ग्रिझेलच्या सहीवाचून एवढं सगळं अडलं होतं.

शनिवारची दुपार. कामगार बाराच्या भोंग्याला घरी नाहीतर फुटबॉलला गेले होते. नोव्हेंबरचं धुकं क्लाइड नदीवरून उठून खिडक्यांच्या काचांना चिकटलं होतं, आणि साडेतीन वाजायच्या आत खोलीत गॅस लावावा लागला होता. भिंतीवर खुंट्यांची रांग, आणि त्यातल्या एकाच खुंटीवर घड्याळ.

"बघा त्याच्याकडे," ग्रिझेल म्हणाली. "एकदा तोंड वळवून बघा, मग सहीचं बोला."

ऑरॉकने तोंड वळवलं नाही. खोलीत आल्यापासून तो घड्याळाकडे पाठ करून उभा होता.

काटा चाळिसावर होता.

२

सोमवारपर्यंत सगळं ठीक होतं.

याला घड्याळ म्हणायचे, पण ते वेळ दाखवत नसे. ते अंतर दाखवायचं, वारांत, तीन फुटांचा एक वार. समुद्रावर आपलं जहाज पळतं, शत्रूचंही पळतं, आणि दोघांमधलं अंतर क्षणाक्षणाला बदलतं. तोफ डागायची तर ते अंतर ठाऊक हवं. म्हणून या घड्याळाला आधी सांगायचं, की अंतर मिनिटाला अमुक वारांनी घटतंय किंवा वाढतंय. मग काटा त्या वेगाने आपला चालू लागतो, आणि धुरामुळे शत्रू दिसेनासा झाला तरी तो कुठवर आला असेल ते सांगत राहतो. पोलादाच्या चकतीवर एक लहानसं चाक फिरतं, एवढीच त्यातली करामत. पण त्या करामतीवर हजार माणसांचं जगणं-मरणं लटकलेलं असतं.

ग्रिझेलच्या खोलीत या घड्याळांची परीक्षा व्हायची. सकाळी आठच्या आत ती येई, गॅस लावी, शाल खुंटीला अडकवी, किल्ल्या देई. खोलीत दार आपटायचं नाही, हसायचं नाही, शिंक आली तर जिन्यात जायचं, असा तिचा दंडक. शेवटची परीक्षा सगळ्यांत कडक. घड्याळ जहाजावर टांगतात तसं भिंतीला टांगायचं, वेग शून्यावर ठेवायचा, आणि एक तास नुसतं बघत बसायचं. काटा जागचा हलता कामा नये. हलला तर खोलीतल्या बाया म्हणायच्या, घड्याळ रांगतंय.

सोमवारी एकोणचाळीस रांगलं.

आठला तिने काट्याचा आकडा टिपला, सात हजार सहाशे ऐंशी. नऊला तो सात हजार सहाशे वीसवर होता. तासाला साठ वार, म्हणजे मिनिटाला एक. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने झाकण उघडलं, चकती पुसली, चाकाचा दाब सारखा केला, तेलाचा एक थेंब काढून घेतला आणि घड्याळ परत टांगलं. मिनिटाला एक. चाक बदललं. मिनिटाला एक, ना कमी ना जास्त. बिघाडाला कधी एवढी शिस्त असते का? बिघडलेलं घड्याळ धावतं, अडखळतं, थांबतं. हे आपलं पाय मोजून चालल्यासारखं.

"घाई झालीय त्याला कुठंतरी जायची," शेजारच्या टेबलावरची बेथिया लँग म्हणाली. बेथियाची जीभ म्हणजे कात्री. "आमचा सँडी पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानाकडे असाच निघतो. हळू, पण वाट न चुकता."

ग्रिझेलने तिच्याकडे नुसतं पाहिलं. बेथिया तोंडावर रुमाल धरून जिन्यात गेली आणि तिथे हसली.

संध्याकाळी घरी जाताना ग्रिझेलने घड्याळाची स्प्रिंगच काढून घेतली. काटा हाताने फिरवून पंधरा हजारांवर नेला, झाकण लावलं, दोरा ओवला आणि वर शिशाचं सील दाबलं. स्प्रिंग ॲप्रनच्या खिशात टाकली. आता त्यात हलवणारं काहीच उरलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी सील जसंच्या तसं होतं. काटा सहा हजार दोनशे चाळीसवर होता.

तिने पेन्सिल घेतली. काल सहाला काटा होता सात हजार ऐंशीवर. रात्रीचे चौदा तास, तासाला साठ, म्हणजे आठशे चाळीस वजा. उरले सहा हजार दोनशे चाळीस. तिने पंधरा हजारांवर नेलेला काटा रात्री कधीतरी परत आला होता, आणि मधला एक वारही न चुकवता आपल्या हिशेबाला लागला होता.

कोणाची तरी थट्टा, असं ती स्वतःला म्हणाली. दुसरी किल्ली कोणाकडे? ऑरॉककडे. ऑरॉक आणि थट्टा, हे जमत नव्हतं. मग हवेतला ओलावा. मग चुंबक. शहाण्या माणसाला कारणं पुष्कळ सुचतात. मंगळवारी संध्याकाळपर्यंत तिची सगळी संपली.

३

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने बेथियाला हाताशी धरलं. घड्याळ कोठारात ठेवून बघू, म्हणाली. तिथे भिंती जाड आहेत, यंत्रांची थरथर पोचत नाही.

कोठार अंगणापलीकडे, नदीपासून दूरच्या टोकाला. तपासणीच्या खोलीपासून बरोबर नव्वद वार. ते अंतर कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण दोऱ्या तिथेच मोजायचे. दोघींनी घड्याळ ब्लँकेटात गुंडाळून नेलं. निघताना काटा होता चार हजार पाचशे तीसवर. जायला लागली तीन मिनिटं. कोठारात ब्लँकेट सोडलं तर काटा चार हजार सहाशे सतरावर. तीन घटले होते, नव्वद वाढले होते.

बेथियाने दोनदा बोटांवर मोजलं. मग ती म्हणाली, परत चल, आणि आता नदीकडे ने.

नदीकडच्या भिंतीपाशी, तपासणीच्या खोलीच्या साठ वार पुढे, त्यांनी ब्लँकेट पुन्हा सोडलं. बाराला चाळीस झाली होती. खोलीत असतं तर काटा चार हजार पाचशे वीसवर हवा होता. तो होता चार हजार चारशे साठवर.

भिंतीपलीकडे ओहोटी लागली होती. चिखलाचा वास येत होता, आणि कुठल्यातरी बोटीचा भोंगा. हातातलं पाव-जाम तसंच राहिलं होतं. बेथियाने ते कागदात परत गुंडाळलं.

"म्हणजे हे कशापासून तरी मोजतंय," ती म्हणाली.

ग्रिझेलने घड्याळावर ब्लँकेट परत ओढलं.

"आणि जे काय आहे ते तिकडून येतंय. नदीनं वर. रात्रंदिवस." बेथियाने शाल आवळली. "इतकं हळू कोण चालतं, ग्रिझेल?"

दमलेलं माणूस चालतं. ज्याच्या पायाखाली चिखल आहे, ते चालतं. ग्रिझेलच्या मनात हे आलं आणि तिने ते तिथेच दाबून टाकलं. दाबायची तिला सवय होती.

४

ती सवय कशी लागली, ते सांगितलं पाहिजे.

महायुद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात कारखान्याकडे घड्याळांची मागणी चौपट झाली. तेव्हा भिंतीवर खुंट्या होत्या बारा. एका घड्याळाला एक तास, एका वेळी बारा, आणि बाहेर गाड्या उभ्या. तेव्हा ग्रिझेलला युक्ती सुचली. शून्याच्या परीक्षेत काटा हलायचाच नसतो ना, मग टांगायचं कशाला? टेबलावर पाठीवर झोपवा. एका टेबलावर आठ मावतात, खोलीत पाच टेबलं. एका तासात चाळीस.

चाळीसच्या चाळीस पास झाली. कोणालाच त्याचं नवल वाटलं नाही. ऑरॉकने तिचा हात हातात घेऊन हलवला, वरच्या साहेबांना पत्र लिहिलं, आणि सूतगिरणीतून आलेली, शाळेचं तोंड चारच वर्षं पाहिलेली ग्रिझेल मकर्डी तपासणीच्या खोलीची मुख्य झाली. तिला गर्व झाला. का होऊ नये? शिकलेल्या पुरुषांना जे सुचलं नाही ते तिला सुचलं होतं. ज्यांना आयुष्यात कोणी शाबासकी दिली नाही त्यांनी पहिल्या शाबासकीला भुलू नये, असं म्हणणाऱ्यांना स्वतःला ती पाळण्यातच मिळालेली असते.

घड्याळं कुठल्या जहाजावर जातात ते बायांना सांगत नसत. फळ्यावर नुसता कामाचा क्रमांक. तिचा एकुलता मुलगा इन्नेस, वय एकोणीस, कुठल्या जहाजावर आहे ते तिला ठाऊक होतं. त्या जहाजाचा क्रमांक ठाऊक नव्हता. गेल्या उन्हाळ्यात उत्तर समुद्रात ते जहाज बुडालं. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी येऊन फळ्यावरचा दोनशे सहा हा आकडा ओल्या फडक्याने पुसून गेलं. ग्रिझेल त्याच वेळी कार्डांचा डबा पुसत होती. दोनशे सहाचं कार्ड तिने काढून पाहिलं. वर तिची सही. वळणदार, शाई न ओघळलेली.

तरीही तिने स्वतःला म्हटलं, जहाज बुडतं ते घड्याळाने बुडत नाही.

मग शरदात एक जखमी अधिकारी कारखाना बघायला आला. इन्नेसचं जहाज बुडालं त्या दिवशी तो शेजारच्या जहाजावर होता. चहा पिता पिता सहज बोलला. त्या बिचाऱ्यांचे गोळे फार सुबक पडत होते, म्हणाला, अगदी एका जागी, एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी शत्रूच्या चारशे वार अलीकडे. अकरा मिनिटं असंच चाललं, मग जहाज बुडालं. त्यांना कोणीतरी सतत सांगत होतं, की शत्रू आहे त्याहून जवळ आलाय. मग त्याने ऑरॉकला विचारलं, ही घड्याळं टांगल्यावर रांगत तर नाहीत ना? पाठीवर चाकाचं वजन चकतीवर सारखं बसतं, टांगल्यावर एका अंगाला ओढतं, असं काही?

ऑरॉक म्हणाला, आमची कार्डं निर्दोष आहेत. ग्रिझेल चहाची किटली धरून उभी होती. ती गप्प राहिली.

पुढच्या सोमवारी सुतार आले आणि त्यांनी भिंतीवर आणखी छत्तीस खुंट्या ठोकल्या. का, ते कोणी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलं नाही. टेबलावरची परीक्षा बंद झाली. ग्रिझेलची जागा तशीच राहिली, आणि कार्डांच्या डब्याला कुलूप लागलं.

५

गुरुवारी सकाळी तिने ऑरॉकला बोलावून घड्याळ दाखवलं. बेथियाशी झालेलं बोलणं गाळून बाकी सगळं सांगितलं. त्याने नाकावर चष्मा चढवून ऐकलं, आणि मुलाच्या दुःखाने बायकांच्या डोळ्यांवर ताण येतो, असं काहीतरी मऊ आवाजात बोलला. मग म्हणाला, पाठीवर झोपवा बघू.

"ती परीक्षा बंद झालीय," ग्रिझेल म्हणाली.

"माझ्यासमोर झोपवा."

दहाला घड्याळ टेबलावर पाठीवर ठेवलं. काटा तीन हजार दोनशे चाळीस. तास गेला. खोलीत फक्त गॅसची फुसफुस. अकराला काटा तीन हजार दोनशे चाळीस. ऑरॉकचा चेहरा खुलला. पास, म्हणाला.

ग्रिझेलने घड्याळ उचलून खुंटीला लावलं. काटा डोळ्यादेखत सरकला, घाई न करता, आणि तीन हजार एकशे ऐंशीवर येऊन आपल्या चालीला लागला. पाठीवर झोपवलेला तास त्याने भरून काढला होता.

ऑरॉकने चष्मा काढला, पुसला, आणि खोलीतून निघून गेला.

शुक्रवारी दुपारी ती गच्चीवर चढली. तिथे अंतर मापायची नऊ फुटी दुर्बीण तिवईवर बसवलेली होती. कारखान्याचीच, काचा जुळवून बघण्यासाठी ठेवलेली. तिच्यात बघितलं की चित्र मध्ये आडवं चिरलेलं दिसतं. वरचं अर्धं एकीकडे, खालचं दुसरीकडे सरकलेलं. चाक फिरवत जायचं. जी वस्तू बरोबर त्या अंतरावर असेल ती सांधते, अखंड दिसते. बाकी सगळं जग चिरलेलं राहतं.

ऊन पातळ होतं आणि नदीवर धूर. ग्रिझेलने चाकावर सोळाशे सत्तर लावले, घड्याळाने त्या घटकेला जे सांगितलं असतं तेच, आणि डोळा रबरी कडीला टेकवला.

चिमण्या चिरलेल्या. गोदीतल्या क्रेनचे हात खांद्यापासून निखळलेले. धक्क्यावरून एक मुलगी हातगाडी ढकलत चालली होती, तिचं डोकं धडापासून हातभर बाजूला. सगळं असायला हवं तसंच. ग्रिझेल नळी हळूहळू पाण्याच्या कडेने फिरवत गेली.

आणि चिखलात काहीतरी अखंड होतं.

एक नव्हतं, रांग होती. मागे धुरात किती होती ते दिसलं नाही. रंग चिखलाचाच. चिरलेल्या जगात फक्त ती रांग सांधलेली, डोक्यापासून पायापर्यंत. हातगाडीवाली मुलगी त्यांच्या वरच्या कठड्यावरून गेली, आणि तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. ग्रिझेलने डोळा काढून नुसत्या नजरेने पाहिलं. ओहोटीचा चिखल, दोन बगळे. पुन्हा डोळा लावला. मिनिट गेलं होतं, एका वाराने ती रांग चिरू लागली होती. तिने चाक एका वाराने मागे घेतलं. सांधली.

पहिल्याने पाय उचलला. पाय चिखलातून यायला फार वेळ लागला. मग तो थांबला, आणि डोळ्यांवर हात धरून त्याने वर, गच्चीकडे पाहिलं.

बेथिया जिन्यातून वर आली होती. काय दिसलं, म्हणाली. धूर, असं ग्रिझेलने सांगितलं. बेथियाने तिला बाजूला सारून स्वतः डोळा लावला. बराच वेळ ती तशीच वाकून होती. मग कठड्याला धरून, एकेक पायरी करत खाली गेली.

६

शनिवारी बेथिया आली नाही. घसा धरलाय, असा बहिणीबरोबर निरोप आला.

आठला काटा चारशे ऐंशीवर होता. ग्रिझेलने इतर घड्याळं नेहमीसारखी टांगली, टिपली, उतरवली. हात कामाला होते ते बरं होतं. दहाच्या सुमाराला तिने ऑरॉकला गच्चीचा जिना चढताना पाहिलं. तो जिना तो कधी चढत नसे. त्याला उंचीची भीती वाटते हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो ते सर्दीवर ढकलायचा. पाव तासाने तो खाली आला. दुर्बिणीच्या रबराला काजळी धरलेली असते. त्याच्या उजव्या डोळ्याभोवती काळं कडं उमटलं होतं. ते पुसायचं भान त्याला नव्हतं.

आल्या आल्या तो टेबलाशी बसला, आणि एकोणचाळीसचं कार्ड काढून त्याने आपली सही केली. मग गाडीला निरोप धाडला. नव्या जहाजाला एक घड्याळ कमी पडतंय, म्हणाला, हेच जाईल, आजच, चार वाजता. बाकीच्यांना बाराला घरी घालवा. तुमची सही झाली की तुम्हीही जा, मिसेस मकर्डी.

त्या कामासाठी खुंट्यांवर सात चांगली घड्याळं लोंबत होती. ग्रिझेलने ती त्याला बोटाने मोजून दाखवली. त्याने ती सातही उतरवून कोठारात पाठवली.

पावणेतीनला तो सहीसाठी परत आला, आणि तिथून भांडण सुरू झालं.

७

आता अठरावर काटा होता.

"तुम्ही काय पाहिलंत वर?" ग्रिझेलने विचारलं.

काही नाही, म्हणाला. धुकं होतं.

"आरशात बघा मग. धुकं तुमच्या डोळ्याला चिकटलंय."

ऑरॉकचा हात डोळ्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्यानंतर त्याने मऊ बोलणं सोडलं. हे तुमच्यामुळे झालं, म्हणाला. पाठीवर झोपवायची अक्कल तुमची. मी नुसती खाली सही केली.

"अक्कल माझी," ती म्हणाली. "त्या माणसाने किटलीशेजारी उभं राहून विचारलं तेव्हा गप्प बसले, तेही माझं. पण सुतार कोणी बोलावले? जहाजांवर गेलेली तीनशे घड्याळं परत का नाही बोलावलीत? तुम्हाला ठाऊक झालं होतं आणि तुम्ही खुंट्या ठोकल्यात. माझ्या पोराची अकरा मिनिटं तुम्ही भिंतीत ठोकून टाकलीत, मिस्टर ऑरॉक, आणि मी त्यांच्यावर शाल अडकवत राहिले."

तो बसला. एकदम म्हातारा दिसायला लागला. मग त्याने खालच्या आवाजात खरं ते सांगितलं, आणि ते सांगताना त्याला लाज वाटली असेल तर दिसली नाही. ते घड्याळाच्या मागे आहे, म्हणाला. तुम्हीच कोठारात नेऊन बघितलंत ना. घड्याळ जाईल तिथून ते अंतर धरतं. मग जाऊ दे त्याला समुद्रात. गाडी येईल, गाडी पळेल, जहाज त्याहून पळेल. मिनिटाला एक वार चालणारं काय गाठणार आहे त्याला? आपण सुटलो. सही करा, बाई.

"आणि जहाज थांबेल तेव्हा?"

त्या जहाजावर बारा तोफा आहेत, तो म्हणाला.

"त्या तोफांना अंतर कोण सांगणार?" ग्रिझेल म्हणाली. "हेच ना?"

ऑरॉकने कार्ड तिच्याकडे सरकवलं, लेखणी दौतीत बुडवून तिच्या हातात दिली, आणि तिचं मनगट धरलं. त्याची बोटं गार होती. ग्रिझेलने लेखणी घेतली. वरच्या कोऱ्या जागी तिने वळणदार अक्षरांत लिहिलं, 'रांगतं', आणि कार्ड त्याच्यासमोर टाकलं. एवढे दिवस हा शब्द या खोलीत नुसता बोलला जायचा. लिहिला गेला तो पहिल्यांदा.

फाटक करकरलं.

गाडी असेल, ऑरॉक म्हणाला, आणि अर्धवट उठला. पण घोड्याच्या टापा नव्हत्या. डूथी येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचा, स्वतःच्या भावालाही विचारायचा. त्याने विचारलं नाही. त्याचा कुत्रा एकदा भुंकला, मग पत्र्याखाली शिरल्याचा आवाज आला. त्यानंतर अंगणातल्या खडीवर काहीतरी ओलं पडलं, उचललं गेलं, पुन्हा पडलं. मधलं अंतर बरंच. मोजलं असतं तर मिनिट भरलं असतं.

ग्रिझेलने घड्याळाकडे पाहिलं. आठ.

भीती होतीच. पण भीतीच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, ते तिने शुक्रवारी गच्चीवर ओळखलं होतं आणि बेथियापासूनही लपवलं होतं. तिने ॲप्रन सोडला, घडी केली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला. केस हाताने सारखे केले.

ऑरॉक दाराकडे धावला. एवढ्या वर्षांत त्या दाराची कडी कोणी लावलेली नव्हती. ती गंजली होती, आणि तो दोन्ही हातांनी तिला ओढत होता आणि पुटपुटत होता, मदत करा, बाई, उभ्या काय राहिलात, हे टेबल सरकवा, तुमच्या लेकराची शपथ आहे तुम्हाला.

काचेपलीकडच्या धुक्यात कोणीतरी डोळ्यांवर हात धरून आत बघत होतं.

"कडी राहू द्या, मिस्टर ऑरॉक," ग्रिझेल म्हणाली, "सगळ्यांत पुढे आहे तो माझा आहे."